आखूड करताना

कावड आखूड करून मागणारा माणूस आला की मी लगेच कोयता उचलत नाही. भरलेली कावड खांद्यावर घेऊन आधी अंगणात चार फेऱ्या मारायला सांगतो. बहुतेकांना याचं नवल वाटतं. त्यांच्या लेखी काम सोपं असतं. धानाच्या बांधावरून जाताना लांब टोक झुडपात अडतं, घराच्या दारातून आत शिरत नाही, तेव्हा दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट उडवून द्या, झालं. कापायला खरंच फार वेळ लागत नाही. पण सहा फुटांची कावड पाच फुटांची झाली की तिची चाल बदलते, आणि ती किती बदलते हे कापण्याआधी त्या माणसाच्या खांद्याला ठाऊक असायला हवं. कापलेला बांबू परत जोडता येत नाही.

आमचं आरमोरी वैनगंगेच्या काठचं. पलीकडे ब्रह्मपुरी, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. अलीकडे आम्ही, गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ला जिल्हे वेगळे झाले, पण धान, तलाव आणि बांबू दोन्हीकडे सारखेच राहिले. इथले ढिवर मालगुजारी तलावांत मासे धरतात, ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या पाळतात, आणि ओझं वाहायला त्यांच्या घरात अजून कावड असते. मोटरसायकल आली तरी तलावाच्या पाळीवरून आणि जंगलातल्या पायवाटेनं कावडच जाते. एका म्हाताऱ्या ढिवरबाबांनी मला माझ्या कामाची कसोटी एका वाक्यात सांगितली होती: "ओझं तरंगलं पायजे जी, नाचलं नाय पायजे." कावडीबद्दल याहून नेमकं मी काही ऐकलेलं नाही.

मी कावड अख्ख्या बांबूची करत नाही. अख्खा बांबू फार ताठ असतो, खांद्यावर काठी ठेवल्यासारखा बसतो. जुन्या कटांग बांबूच्या बुडाकडच्या जाड भागाची रुंद फाक काढतो, मधे जाड ठेवतो आणि दोन्ही टोकांकडे निमुळती करत नेतो. टोकांना खाचा, खाचेत शिंकी. अशा सहा फुटी कावडीच्या दोन्ही शिंक्यांत पंधरा-पंधरा किलो ठेवले आणि मधोमध खांदा दिला, तर टोकं साधारण सहा इंच खाली लवतात. आता हीच कावड दोन्हीकडून सहा-सहा इंच कापली. खांद्यापासून टोकापर्यंतचं अंतर तीन फुटांवरून अडीच फुटांवर आलं. ओझं तेच, बांबू तोच. लवणं कितीनं कमी होईल? गिऱ्हाईक म्हणतो, इंचभर. प्रत्यक्षात टोक साडेतीन इंचच लवतं. लांबीचा सहावा हिस्सा गेला आणि लवण्याचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग गेला.

हा हिशोब लांबीच्या घनाचा आहे. लांबी अर्धी केली तर लवणं निम्मं होत नाही, आठवा हिस्सा उरतं. घनच का, वर्ग का नाही, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला, आणि समजलं तेव्हा फार आनंद झाला, म्हणून इथं सविस्तर सांगतो. भिंतीत एक कांब पक्की रोवा आणि तिच्या मोकळ्या टोकाला वजन टांगा. कांब लवते त्यात लांबी तीन वेळा काम करते. वजन भिंतीपासून जितकं दूर, तितका बुडाशी जोर जास्त. ही झाली तरफ, पहारीनं दगड उचलणाऱ्या कुणालाही ती माहीत असते. हे एकदा. मग, कांब जितकी लांब तितकं वळणारं अंग जास्त. प्रत्येक बोटभर भाग थोडाथोडा वळतो आणि ते वळण पुढं साठत जातं. हे दुसऱ्यांदा. आणि बुडाजवळ कांबीनं जी दिशा बदलली, ती टोकापर्यंत पोहोचेपर्यंत जितकं अंतर चालायचं तितकं टोक खाली जातं. बुडाशी केसभर, टोकाशी चार बोटं. हे तिसऱ्यांदा. कोयता एकदाच चालतो, पण तो या तिन्ही ठिकाणी कापतो.

लवणं कमी झालं तर बिघडलं काय, ताठ कावड मजबूत नव्हे का, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. बिघडतं ते चालीत. लवणाऱ्या कावडीला स्वतःचा एक झोका असतो. सहा इंच लवणारी कावड मिनिटाला सुमारे ७७ झोके घेते. साडेतीन इंच लवणारी सुमारे १०१. माणूस सहज चालतो तेव्हा मिनिटाला शंभर ते सव्वाशे पावलं पडतात. लांब कावडीचा झोका पावलांपेक्षा पुष्कळ संथ, म्हणून चालणाऱ्याचं अंग वरखाली होतं आणि शिंकी जवळपास एका पातळीवर पुढं सरकत राहतात. बाबांचं तरंगणं ते हेच. आखूड कावडीचा झोका पावलांच्या ठेक्याजवळ येतो. प्रत्येक पाऊल झोक्याला आणखी रेटा देतं, शिंकी उसळू लागतात, आणि खांद्याला दर पावलाला धक्का बसतो. ओझं नाचू लागतं. अंगणातल्या फेऱ्या मी यासाठीच मारायला लावतो. ज्याची पावलं जलद पडतात त्याची कावड थोडी आखूड केली तरी चालते. संथ, लांब ढांगा टाकणाऱ्याची मी कापत नाही, दुसरी करून देतो.

१९९१मध्ये रॉजर क्रॅम या अमेरिकी संशोधकानं लवचीक दांड्यांवर ओझं घेऊन माणसांना धावायला लावून हेच मोजलं. श्रमात बचत दिसली नाही. पाठीवर ओझं घेऊन जितकी ताकद लागते तितकीच लागली. मात्र खांद्यावर येणारा मोठा धक्का खूपच कमी झाला. मला ही गोष्ट पटली, कारण कावडवाले कधी म्हणत नाहीत की ओझं हलकं होतं. ते म्हणतात, खांदा सोलत नाही. एकनाथांच्या घरी कावडीनं पाणी भरणाऱ्या श्रीखंड्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोदावरीचा घाट चढून रांजण भरणाऱ्याची कावड कशी असेल, हा विचार माझ्या डोक्यात त्या गोष्टीबरोबर नेहमी येतो. पायऱ्यांवर पावलं सावकाश पडतात. ती कावड मी केली असती तर लांबच ठेवली असती.

इथवर मी बांबू सगळीकडे सारखा आहे असं धरून बोललो. तो तसा नसतो, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे दोन जातींशी गाठ पडते. मानवेल बारीक, कोरड्या माळावरचा जवळजवळ भरीव. काठ्या, दांडे, धनुष्य त्याचे. कटांग जाड, काटेरी, पोकळ, पण बुडाशी भिंत चांगली जाड. दोन्हींत बुडाकडची पेरं जवळजवळ असतात आणि अंग दळदार. शेंड्याकडे पेरं लांबतात, अंग बारीक आणि पातळ होत जातं. त्यामुळं 'फूटभर कमी करा' या मागणीला माझा पहिला प्रश्न असतो, कुठल्या टोकाकडून? मानवेलाच्या लांब काठीचा शेंडा कापला तर लवणारा भाग गेला, उरलं ते सगळं ताठ. बुड कापलं तर लांबीही गेली आणि ताठपणाचा मुख्य साठाही गेला. अशी काठी आखूड होऊनही हातात हिशोबापेक्षा मऊ लागते. गळाच्या काठीचा शेंडा कुणी कापून मागितला तर मी सरळ नाही म्हणतो. माशाच्या ओढीला मान तुकवणारं अंग तेच, ते काढल्यावर उरतो तो नुसता सोटा, आणि मोठा मासा लागला की दोरी तुटते.

वय आणि हंगाम यांचंही तसंच. पावसाळ्यात वास्ते फुटतात, तेव्हा रांजीला, म्हणजे बांबूच्या बेटाला, हात लावू नये. तो कोवळा कोंब पुढच्या वर्षांचा बांबू आहे. तीन पावसाळे पाहिलेला बांबू दिवाळीनंतर तोडावा, पाण्यात मुरवावा, सावलीत वाळवावा. कोवळा बांबू जास्त लवतो खरा, पण लवून परत सरळ होत नाही, ओझ्याखाली तसाच वाकडा राहतो. मला लवणारा नको असतो, लवून परतणारा हवा असतो.

हे सगळं इतक्या आस्थेनं सांगण्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या जंगलातला बांबू कित्येक वर्षं ज्या वाटेनं गेला त्या वाटेवर लांबीला किंमत नव्हती. १९४५मध्ये बल्लारपूरचा कागद कारखाना स्थापन झाला. कागदासाठी बांबूचे तुकडे करून गठ्ठे बांधतात, पुढं तो शिजून लगदा होतो. लगद्याला बुड नाही, शेंडा नाही, पेर नाही. मी कागदाच्या विरोधात नाही. हा लेख मी कागदावरच लिहितो आहे. पण तीन वर्षं वाढलेली, बारा हात सरळ गेलेली मानवेलाची काठी गठ्ठ्यासाठी तुटताना पाहिली की वाईट वाटतं, आजही वाटतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २७ एप्रिल २०११ला बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. त्या दिवसाचं माझ्या लेखी मोल हे, की कुठला बांबू कुठं कापायचा हे ठरवण्याचा अधिकार तो ओळखणाऱ्यांकडे आला. गाव लांब बांबू वेगळा काढू शकतं. आमच्यासारख्या कारागिराचं पोट आणि हुन्नर दोन्ही त्या लांब बांबूवर चालतं.

आता कापण्याच्या याच हिशोबाची एक लांबची गोष्ट, बर्फावरच्या हॉकीची. माझी मावसबहीण कॅनडात असते. तिचा बारा वर्षांचा मुलगा तिकडं बर्फावर हॉकी खेळतो. कुणीतरी त्याला मोठ्या माणसाची नवी कोरी स्टिक भेट दिली, कार्बनच्या धाग्यांची, पोकळ, साठ इंच लांब. मुलाला हवी होती चोपन्न इंचांची. बहिणीचा फोन आला: "भाऊ, वरून सहा इंच कापून टाकलं तर चालते ना?" मी विचारलं, दांड्यावर काही आकडा लिहिलाय का? ७५ लिहिला होता. तिकडच्या स्टिकवर असा आकडा छापलेला असतो. दांडा मधे एक इंच लवण्यासाठी किती पौंडांचा जोर लागतो, तो हा आकडा. मोठा आकडा म्हणजे ताठ दांडा. मला हे वाचून ठाऊक होतं आणि तेव्हापासून हेवा वाटत होता, कारण आम्ही हीच गोष्ट गुडघ्यावर दाबून, अंदाजानं ओळखतो.

आपल्या मैदानी हॉकीत दांडा असा लवत नाही. जुन्या स्टिक तुतीच्या लाकडाच्या असत, मुठीत वेत आणि रबराची पट्टी, ती हाताला बसणारा हादरा शोषण्यासाठी. बर्फावरच्या हॉकीत मात्र दांड्याचं लवणं हाच फटक्याचा प्राण आहे. खेळाडू चकतीवर थेट मारत नाही. चकतीच्या किंचित मागं बर्फावर स्टिक आपटतो, अंगाचा भार टाकून दांडा धनुष्यासारखा लववतो आणि तो सुटताना चकतीला फेकतो. ज्याला दांडा लववता येत नाही त्याची चकती नुसत्या हाताच्या जोरावर जाते. खेळाडूच्या वजनाच्या पौंडांच्या निम्मा आकडा घ्यावा, असा तिकडं ढोबळ नियम सांगतात. मुलाचं वजन चाळीस किलो, म्हणजे अठ्ठ्याऐंशी पौंड. त्याला हवी पंचेचाळीस-पन्नासची स्टिक.

मी कागद घेतला. साठाचे चोपन्न म्हणजे लांबीचा दहावा हिस्सा गेला. नऊ दशांशाचा घन करा: सुमारे त्र्याहत्तर टक्के. त्याच जोरानं दांडा आता पूर्वीच्या त्र्याहत्तर टक्केच लवणार, म्हणजे पंचाहत्तरची स्टिक एकशेतीनची झाली. धडधाकट पुरुषाला जड जाईल अशी स्टिक बारा वर्षांच्या पोराच्या हाती! हा कागदावरचा हिशोब. दांडा खालपासून वरपर्यंत एकसारखा नसतो, पात्याकडचा भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, आणि वरचा ताठ भाग कापल्यावर प्रत्यक्षातला आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पण दिशा तीच. मी बहिणीला म्हटलं, ती स्टिक तशीच ठेवून दे, पोरगा वाढेल. आत्ता त्याच्या मापाचीच घे. तिनं तशीच घेतली.

नंतर तिच्याकडून एक माहिती कळली, आणि त्या माहितीनं मला कितीतरी दिवस विचारात ठेवलं. कापलेल्या स्टिकच्या पोकळ टोकात लाकडी खुंटी बसवून ती परत लांब करतात, आणि वरचा हात खुंटीवर धरला की दांडा पुन्हा बराचसा मऊ लागतो. म्हणजे कार्बन मुळी बदललाच नव्हता. कापल्यानं दांड्याचं द्रव्य कडक होत नाही. दोन हात आणि पातं यांच्यातलं अंतर कमी होतं, एवढंच घडतं. ताठपणा वस्तूत जितका, तितकाच धरण्यातही असतो. बांबूचा खांब घेऊन उंच उडी मारणारे खेळाडू हे जाणून होते. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमनं १९४०मध्ये पंधरा फुटांची मर्यादा पहिल्यांदा ओलांडली ती बांबूच्याच खांबावर. खांबावरचा हात वर सरकवला की तोच खांब मऊ होतो, खाली घेतला की ताठ. न कापता लांबी बदलण्याची ही रीत मी माझ्या गिऱ्हाइकांना आवर्जून दाखवतो. काठी लांब वाटते? हातभर आत धरून आठवडाभर वापरा. कावड लांब वाटते? शिंक्यांची दोरी टोकापासून सहा इंच आत बांधून पाहा. पुष्कळांना तेवढंच पुरतं, आणि लांब वाटेवर निघताना दोरी परत टोकाला नेता येते.

कार्बनचा दांडा आखूड केला की काम संपलं, तो तासता येत नाही. बांबूची फाक तासता येते, आणि इथं आमचं काम त्यांच्यापेक्षा पुढं जातं. फाकेचा ताठपणा जाडीच्याही घनानं बदलतो. लांबी सहाव्या हिश्शानं कमी केली आणि जाडीही सहाव्या हिश्शानं कमी केली, तर दोन घन एकमेकांना फेडतात आणि पाच फुटांची कावड सहा फुटीइतकीच लवते, तेवढेच संथ झोके घेते. पण जाडी काढायची ती पोटाकडून, म्हणजे बांबूच्या आतल्या बाजूनं. पाठीला, त्या हिरव्या चकचकीत सालीला, सुरी लावायची नाही. बांबूचे चिवट धागे सालीलगत दाट असतात आणि आत विरळ होत जातात. साल तासली तर बांबूची सगळी ताकद केरात जाते. गाठींवरही हात हलका ठेवायचा, त्या सपाट केल्या की फाक तिथंच मोडते.

याचीही किंमत असते, आणि ती मी गिऱ्हाइकापासून लपवत नाही. तासलेली आखूड कावड तेवढीच लवते, पण तेवढ्याच ओझ्याला तिच्या अंगावर पूर्वीपेक्षा पाचव्या हिश्शानं जास्त ताण येतो. म्हणून तिच्यावर ओझं थोडं कमी घालायचं. धनुष्यात हे फार लवकर दिसतं. बांबूच्या धनुष्याला बांबूच्याच कामटीची दोरी लावायची इकडची जुनी पद्धत आहे. उंच माणसाचं धनुष्य पोरासाठी आखूड करून मागतात, आणि पोरगा दोरी मात्र कानापर्यंत ओढणार. आखूड धनुष्य तितकंच ओढलं की पाती फार वळतात, शेवटच्या चार बोटांत दोरी एकदम जड होते, आणि एखाद्या थंड सकाळी ते पोटाकडून चिरतं. तासून ओढ हलकी करता येते, वळण कमी करता येत नाही. पोराचं धनुष्य त्यामुळं मी नव्या फाकेचं करतो, त्याचा हात जितका मागं जातो त्या मापानं लांबी ठरवतो, मग जाडी.

कावड कापावीच लागली तर मी दोन्ही टोकांकडून सारखी कापतो, एका वेळी दोन बोटं, आणि नवी खाच जुन्या खाचेच्या आत पाडूनच मग टोक छाटतो. दर वेळी शिंकी भरून माणसाला पाळीपर्यंत चालून यायला सांगतो. दुसऱ्या-तिसऱ्या छाटणीलाच बहुतेक जण म्हणतात, बस जी, आता राहू द्या. झुडपात अडणारं टोक तोवर पुरेसं आत आलेलं असतं आणि मनात धरलेल्या एका फुटातली निम्मी लांबी वाचलेली असते. ती वाचलेली लांबी पुढच्या उन्हाळ्यात, बांबू आणखी वाळून ताठ झाल्यावर, उपयोगी पडते.